जेएनयूचा विद्यार्थी संघ: घटना, निवडणूक आणि कारभार

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील विद्यार्थी संघाची घटना विद्यार्थ्यांनी लिहिलेली आहे आणि संघाची निवडणूकही विद्यार्थीच घेतात. देशातल्या बहुतेक विद्यापीठांत ही दोन्ही कामे प्रशासनाकडे असतात. जेएनयूचा संघ वर्तमानपत्रांतून गाजतो तो घोषणा, मोर्चे आणि अटकांमुळे. त्याचे वेगळेपण मात्र या दोन गोष्टींत आहे, आणि त्याचे बळ व त्याची अडचण ही दोन्ही तिथूनच सुरू होतात.

विद्यापीठाचा कायदा संसदेने १९६६ साली केला आणि १९६९ मध्ये कामकाज सुरू झाले. संघ त्यानंतर लगेचच, सत्तरच्या दशकाच्या आरंभी उभा राहिला. विद्यापीठ तेव्हा लहान होते आणि आजही दिल्ली किंवा मुंबई विद्यापीठाच्या मानाने लहानच आहे. त्याला संलग्न अशी शेकडो महाविद्यालये नाहीत. विद्यार्थ्यांत पदव्युत्तर आणि संशोधन करणाऱ्यांचा भरणा मोठा. त्यामुळे इथला सरासरी मतदार बारावी होऊन नुकताच आलेला मुलगा नसतो, तो विशी ओलांडलेला असतो आणि लोकसभेला एक-दोनदा मतदान करून आलेला असतो. शिवाय बहुतेक जण आवारातल्याच वसतिगृहांत राहतात. या वसतिगृहांना नद्यांची नावे आहेत: गंगा, झेलम, सतलज, पेरियार, कावेरी, साबरमती आणि मराठी माणसाला घरच्या वाटाव्यात अशा गोदावरी, तापी, कोयना, माही-मांडवी. एकाच आवारात राहणारे, वसतिगृहांच्या मेसमध्ये जेवणारे आणि रात्री चहाच्या ढाब्यावर भेटणारे सात-आठ हजार मतदार एवढा हा मतदारसंघ आहे. प्रचाराला गाड्या लागत नाहीत, पायी चालत एका संध्याकाळी चार वसतिगृहे होतात. संघाची पुढची सगळी वैशिष्ट्ये या परिस्थितीवर उभी आहेत.

संघाची रचना

विद्यापीठात अभ्यासक्रमांची विभागणी 'स्कूल' नावाच्या मोठ्या गटांत केलेली आहे. सामाजिक शास्त्रे, आंतरराष्ट्रीय अभ्यास आणि भाषा-साहित्य ही तीन स्कूल सर्वांत मोठी. विज्ञानाची स्कूल तुलनेने लहान. प्रत्येक स्कूलमध्ये वेगवेगळी अध्ययन केंद्रे असतात. संघाची बांधणी या विभागणीला धरूनच केलेली आहे.

वरच्या थरात चार पदाधिकारी असतात: अध्यक्ष, उपाध्यक्ष, सरचिटणीस आणि सहसचिव. या चौघांना मिळून 'सेंट्रल पॅनेल' म्हणतात. त्यांना विद्यापीठातले सगळे विद्यार्थी थेट मत देतात. प्रत्येक पदासाठी मत वेगळे असल्यामुळे अध्यक्ष एका संघटनेचा आणि सहसचिव विरुद्ध संघटनेचा, असा निकाल लागू शकतो आणि लागतोही. २०१५ मध्ये तसेच झाले. अध्यक्षपदी डाव्या 'एआयएसएफ'चे कन्हैया कुमार आणि सहसचिवपदी उजव्या 'अभाविप'चा (अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेचा) उमेदवार निवडून आला. विधिमंडळात मंत्रिमंडळ एका पक्षाचे किंवा आघाडीचे असते, इथे मात्र चार खुर्च्यांवरची माणसे एकमेकांना पाण्यात पाहणारी असली तरी एकाच कार्यालयातून काम चालवावे लागते.

दुसऱ्या थरात कौन्सिलर असतात. ते आपापल्या स्कूलमधून निवडले जातात. मोठ्या स्कूलला पाच, लहानांना त्याहून कमी. सगळे मिळून ही संख्या चाळीसच्या आसपास भरते. पदाधिकारी आणि कौन्सिलर यांची मिळून परिषद होते. ठराव, कार्यक्रम, आंदोलन यांचे निर्णय तिथे होतात. अध्यक्षाचे नाव सर्वतोमुखी असले तरी परिषदेत त्याला एकट्याच्या बळावर फारसे रेटता येत नाही. कौन्सिलरांत बहुमत नसलेला अध्यक्ष हा जेएनयूतला ओळखीचा प्राणी आहे.

या दोन्ही थरांच्या वर आमसभा आहे. स्कूलची आमसभा वेगळी आणि संपूर्ण विद्यापीठाची वेगळी. दुसरीला सगळे जण तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'यूजीबीएम' म्हणतात. घटनेप्रमाणे अंतिम अधिकार तिचा. संपावर जायचे का, संप मागे घ्यायचा का, प्रशासनाशी झालेला समझोता मान्य करायचा का, असे प्रश्न तिच्यापुढे येतात. सभा बहुधा रात्रीच्या जेवणानंतर सुरू होते आणि भाषणे लांबत मध्यरात्र उलटते. मतदान पुष्कळदा हात वर करून होते. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब होणे, गणपूर्ती झाली होती की नाही यावरच वाद पेटणे, हेही नेहमीचे. तरीसुद्धा निवडून दिलेल्या माणसाला मुदत संपण्याआधी मतदारांसमोर उभे करून जाब विचारण्याची सोय या आमसभेमुळे राहते. निवडणुकीच्या आधी स्कूलच्या आमसभा भरतात, तिथे मावळते कौन्सिलर वर्षभराच्या कामाचा अहवाल ठेवतात आणि प्रश्नांना तोंड देतात. अहवाल नापसंत झाला तर त्या संघटनेच्या नव्या उमेदवाराला त्याची झळ बसते.

केंद्रांच्या पातळीवर विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्या संयुक्त समित्या असतात. त्यांतले विद्यार्थी प्रतिनिधी वेगळे निवडले जातात. अभ्यासक्रमात बदल, परीक्षेचे वेळापत्रक, ग्रंथालयाची पुस्तके असल्या बाबी तिथे निघतात. वसतिगृहांचा कारभारही स्वतंत्र आहे. प्रत्येक वसतिगृहाचा अध्यक्ष तिथले रहिवासी निवडतात आणि मेस समितीही त्यांचीच असते. मेसच्या खर्चाचा हिशेब विद्यार्थी ठेवतात. महिनाअखेर माणशी किती पैसे आले यावरून मेस सचिवाची लोकप्रियता ठरते. देशाच्या परराष्ट्र धोरणावर तासभर बोलू शकणाऱ्या कार्यकर्त्यांची पहिली शाळा बहुतेकदा हीच असते: डाळ पातळ का, भाजीचा भाव काय, थकबाकी कोणाकडून वसूल करायची.

निवडणूक

निवडणूक घेण्यासाठी विद्यार्थ्यांतूनच एक निवडणूक आयोग नेमला जातो. त्याचा प्रमुख मुख्य निवडणूक आयुक्त. आयोगाच्या सदस्याला स्वतः उमेदवार होता येत नाही. मतदार यादी, उमेदवारी अर्जांची छाननी, माघार, मतपत्रिका, मतदान केंद्रे, मोजणी ही सगळी कामे आयोगाची. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत दोनेक आठवड्यांत सगळे आटोपते. आयोगाचे सदस्य म्हणजे कालपर्यंत शेजारच्या बाकावर बसणारे विद्यार्थी, त्यामुळे त्यांच्यावर पक्षपाताचे आरोप होणे अटळ आहे. आयोगाच्या कार्यालयाबाहेर निदर्शने, तोडफोड, प्रक्रिया काही काळ थांबवणे असे प्रसंगही घडलेले आहेत. एप्रिल २०२५ ची निवडणूक अशाच एका थांब्यानंतर पार पडली.

प्रचार स्वस्त असतो. भिंतींवर हाताने रंगवलेली मोठी चित्रे आणि घोषणा दिसतात. त्यांतली कित्येक चित्रे निवडणूक संपल्यावरही लोक पाहायला थांबतात इतकी चांगली असतात. छापील साहित्यात मुख्य म्हणजे 'पर्चा', म्हणजे एक-दोन पानांचे पत्रक. ते रात्री खोल्यांच्या दारांखालून सरकवले जाते, नाहीतर जेवणाच्या टेबलांवर ठेवले जाते. विरोधी संघटना दुसऱ्या दिवशी उत्तराचा पर्चा काढते. पर्च्यांची भाषा जड, संदर्भांनी लगडलेली आणि पुष्कळदा कंटाळवाणी असते. पण ते लिहायला बसणाऱ्याला आपली भूमिका दोन पानांत मांडावी लागते, ही गोष्ट लहान नाही. जेवणानंतर मेसमध्ये सभा होतात. तिथे बाहेरचे वक्ते येतात: प्राध्यापक, पत्रकार, खासदार. सभेत भाषणापेक्षा प्रश्नोत्तरेच लांबतात.

अध्यक्षपदाच्या उमेदवारांची वादसभा हा या सगळ्याचा कळस. मतदानाच्या आधी एक दिवस प्रचारबंदीचा असतो, त्याच्या आदल्या रात्री ही सभा भरते. झेलम वसतिगृहासमोरचे मैदान ही तिची रूढ जागा. आधी प्रत्येक उमेदवाराचे भाषण होते. दुसऱ्या फेरीत उमेदवार एकमेकांना प्रश्न विचारतात. शेवटी श्रोत्यांचे प्रश्न येतात. वेळेचे बंधन आयोग घालून देतो आणि ते मोडल्यास माईक बंद होतो. समर्थक डफल्या वाजवत, घोषणा देत गट करून बसतात. सभा पहाटेपर्यंत चालते. भाषणात पॅलेस्टाइनपासून मेसच्या बिलापर्यंत सगळे येते. या व्याप्तीची बाहेर थट्टा होते आणि ती सर्वस्वी गैरलागू नाही. वसतिगृहात पाणी येत नसताना जागतिक राजकारणावर वीस मिनिटे घालवणारा उमेदवार श्रोत्यांतूनच खाली ओढला जातो. संघटनेचे पाठबळ नसलेला एखादा अपक्ष केवळ या रात्री चांगला बोलला म्हणून बरीच मते घेऊन जातो, असेही होते.

मतदान मतपत्रिकेवर होते, सकाळ आणि दुपार अशा दोन सत्रांत. मोजणी हाताने होत असल्याने ती एका दिवसात संपत नाही. मोजणी केंद्राबाहेर समर्थक रात्रभर थांबतात आणि आयोग अधूनमधून आघाडीचे आकडे जाहीर करतो. मतांचा फरक कधी अगदी थोडा असतो. २००० साली 'अभाविप'चे संदीप महापात्र अध्यक्षपदी निवडून आले ते एका मताने.

उमेदवार बहुतेक वेळा एखाद्या विद्यार्थी संघटनेचे असतात. 'एसएफआय', 'एआयएसएफ', 'आयसा' या डाव्या संघटना, 'अभाविप', काँग्रेसशी जोडलेली 'एनएसयूआय', आणि २०१४ मध्ये स्थापन झालेली 'बापसा', म्हणजे बिरसा-आंबेडकर-फुले विद्यार्थी संघटना. डाव्या संघटनांचे वर्चस्व दीर्घकाळ राहिले, तरी त्यांचे आपसातले भांडण उजव्यांशी असलेल्या भांडणाइतकेच जुने आहे. १९७४ साली 'एसएफआय'चे प्रकाश करात यांचा पराभव करून अध्यक्ष झालेले आनंद कुमार 'फ्री थिंकर्स' या गटाचे होते. पक्षाचे बंधन नको असणाऱ्यांचा तो गट होता.

मार्च २०२४ च्या निवडणुकीत ही यंत्रणा तिच्या गुणदोषांसह दिसली. चार वर्षांहून अधिक खंडानंतर ती होत होती. सात हजार सातशेहून अधिक मतदारांपैकी सुमारे ७३ टक्क्यांनी मतदान केले. मतदान सुरू होण्याच्या काही तास आधी डाव्या आघाडीच्या सरचिटणीसपदाच्या उमेदवाराची उमेदवारी रद्द झाली. दुसरा उमेदवार देण्याची वेळ निघून गेली होती. तेव्हा आघाडीने आपल्या समर्थकांना 'बापसा'च्या उमेदवाराला मते देण्याचे आवाहन केले आणि ती उमेदवार जिंकली. आंबेडकरी विद्यार्थी संघटनेला सेंट्रल पॅनेलवरचे पहिले पद असे मिळाले. अध्यक्षपदी निवडून आलेले धनंजय हे १९९६ नंतरचे पहिले दलित अध्यक्ष ठरले.

अधिकार किती?

कागदावर पाहिले तर संघाचे अधिकार फार थोडे आहेत. तो शुल्क ठरवत नाही, प्राध्यापक नेमत नाही, प्रवेशाचे नियम करत नाही. विद्वत परिषदेत आणि इतर काही समित्यांत त्याचे प्रतिनिधी निमंत्रित म्हणून बसतात, बोलतात. निर्णय प्रशासनाचा असतो. संघाचे काम म्हणजे विद्यार्थ्यांचे म्हणणे त्या दालनात पोहोचवणे आणि ते ऐकले गेले नाही तर बाहेर आवाज उठवणे. यातला दुसरा भाग अधिक दिसतो, म्हणून संघ म्हणजे आंदोलन असा समज झाला आहे.

पहिल्या भागाची फळे मात्र ठोस ठरली. प्रवेशपद्धती हे त्याचे उत्तम उदाहरण. मागास जिल्ह्यांतून आणि गरीब घरांतून येणाऱ्या अर्जदारांना प्रवेश परीक्षेत काही जादा गुण द्यावेत, ही पद्धत सत्तरच्या दशकात विद्यार्थ्यांच्या आग्रहातून आली. १९८३ साली कुलगुरूंना घातलेल्या घेरावानंतर पोलीस आत आले, शेकडो विद्यार्थी तिहार तुरुंगात गेले, विद्यापीठ काही काळ बंद राहिले आणि ती गुणपद्धतीही गेली. त्या वेळी तिहारमध्ये दहा दिवस काढणाऱ्यांत अर्थशास्त्राचे विद्यार्थी अभिजित बॅनर्जी होते. पुढे २०१९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. जादा गुणांची पद्धत नव्वदच्या दशकात संघाच्या पाठपुराव्याने परत आली. त्या काळात दोनदा अध्यक्ष झालेले चंद्रशेखर प्रसाद यांची ३१ मार्च १९९७ रोजी बिहारमधल्या सिवान येथे गोळ्या घालून हत्या झाली. आवारात त्यांचे नाव अजून घेतले जाते.

दुसरे उदाहरण लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी १९९९ मध्ये स्थापन झालेल्या समितीचे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालानंतरची ही समिती. तिच्यावरचे विद्यार्थी प्रतिनिधी मतदानाने निवडले जात. देशातल्या अनेक संस्थांनी तिच्याकडे नमुना म्हणून पाहिले. २०१७ मध्ये प्रशासनाने ती मोडून कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती नेमली आणि निवडून जाण्याची जागा मुख्यत्वे नेमणुकीने घेतली.

प्रशासनाशी संघर्ष पेटला की काय होते, हे २०१९ च्या शुल्कवाढीच्या प्रकरणात दिसते. वसतिगृहाच्या नव्या नियमावलीने एका जणाच्या खोलीचे मासिक भाडे २० रुपयांवरून ६०० आणि दोघांच्या खोलीचे १० वरून ३०० रुपये केले. शिवाय आजवर न घेतलेले सेवाशुल्क लावले. २० रुपये भाडे हे दशकानुदशके न बदललेले होते, ते वाढायला हवे हे अनेकांना पटत होते. पण वाढ विद्यार्थ्यांशी न बोलता झाली, हा संघाचा मुख्य आक्षेप होता. नोव्हेंबरमध्ये पदवीदान समारंभ वसंत कुंज येथील सभागृहात सुरू असताना बाहेर निदर्शने झाली आणि केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री रमेश पोखरियाल निशंक सहा तासांहून अधिक काळ आत अडकले. विद्यापीठाने दारिद्र्यरेषेखालच्या विद्यार्थ्यांना सवलत जाहीर केली. संघाला ती अपुरी वाटली. संसदेवर मोर्चा निघाला, पोलिसांनी तो वाटेत अडवला. मंत्रालयाने तीन सदस्यांची समिती नेमली. ५ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी तोंड बांधलेल्या जमावाने आवारात घुसून विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना मारहाण केली; संघाच्या अध्यक्ष आयेशी घोष यांचे डोके फुटले. शेवटी पदाधिकारी उच्च न्यायालयात गेले आणि त्या महिन्याच्या २४ तारखेला न्यायालयाने जुन्या दरानेच नोंदणी होऊ द्यावी असा अंतरिम आदेश दिला. मोर्चा, चर्चा, मंत्रालय, न्यायालय असे सगळे मार्ग तीन महिन्यांत वापरून झाले होते. सुटका झाली ती न्यायालयात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

याच काळात संघापुढे आणखी एक प्रश्न होता. निवडणूक विद्यार्थी निवडणुकांसाठीच्या लिंगडोह समितीच्या (तिच्याविषयी पुढे येईल) नियमांप्रमाणे झाली नाही, म्हणून प्रशासनाने नव्या संघाला अधिकृत मान्यता दिली नाही आणि 'टेफ्लाज' इमारतीतले कार्यालय रिकामे करण्याची सूचना दिली. स्वतः लिहिलेल्या घटनेचे मोल इथे कळते आणि तिची मर्यादाही. विद्यार्थी ती मानतात, म्हणून संघ चालतो. प्रशासनाने ती मानलीच पाहिजे अशी सक्ती करणारे हत्यार संघापाशी नाही.

सत्तेशी थेट समोरासमोर येण्याचे प्रसंगही संघाच्या इतिहासात आहेत. आणीबाणीत देवीप्रसाद त्रिपाठी अध्यक्ष होते. पोलिसांनी त्रिपाठी समजून दुसऱ्याच विद्यार्थ्याला आवारातून उचलून नेले. पुढे त्रिपाठींनाही तुरुंगवास झाला. हेच त्रिपाठी नंतर राष्ट्रवादी काँग्रेसचे सरचिटणीस झाले आणि २०१२ ते २०१८ या काळात महाराष्ट्रातून राज्यसभेवर होते. १९७७ मध्ये अध्यक्ष सीताराम येचुरी यांनी इंदिरा गांधींच्या घरासमोर, त्यांच्याच उपस्थितीत, त्यांनी विद्यापीठाचे कुलपतिपद सोडावे अशी मागणी करणारे निवेदन वाचून दाखवले. इंदिराबाईंनी ते पद सोडले. फेब्रुवारी २०१६ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष कन्हैया कुमार यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि पुढच्या महिन्यात जामीन मिळाला.

लिंगडोह समिती

विद्यार्थी निवडणुकांत पैसा आणि गुंडगिरी शिरल्याच्या तक्रारी देशभर होत्या. केरळमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावरून केंद्र सरकारने डिसेंबर २००५ मध्ये माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २००६ मध्ये अहवाल आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उज्जैनच्या माधव महाविद्यालयात निवडणुकीच्या वादातून प्राध्यापक सभरवाल यांना मारहाण होऊन त्यांचा मृत्यू झाला. २२ सप्टेंबरला न्यायालयाने समितीच्या शिफारशी लागू करण्याचा आदेश दिला.

शिफारशी कडक आहेत. पदवीच्या विद्यार्थ्याला १७ ते २२ वर्षे, संशोधकाला २८ वर्षांपर्यंतच उमेदवार होता येते. हजेरी ७५ टक्के हवी, विषय राहिलेला नसावा, गुन्हेगारी पार्श्वभूमी नसावी. पदाधिकारी होण्यासाठी आयुष्यात एकदाच उभे राहता येते. खर्चाची मर्यादा ५००० रुपये. छापील पोस्टर नको, मिरवणुकीला वाहने आणि जनावरे नकोत. राजकीय पक्षांचा पैसा नको. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत दहा दिवसांत सगळे व्हावे आणि निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब द्यावा. तक्रारींसाठी विद्यार्थी कल्याण अधिष्ठात्यांच्या अध्यक्षतेखाली कक्ष असावा. लहान, एकाच आवारातल्या विद्यापीठांत थेट निवडणूक आणि शेकडो महाविद्यालये असलेल्या विद्यापीठांत वर्ग प्रतिनिधींमार्फत अप्रत्यक्ष निवडणूक चालेल, असेही समितीने सुचवले.

विनोद असा की हाताने रंगवलेली पोस्टरे आणि अल्प खर्च ही शिफारशींतली अनेक वळणे जेएनयूत आधीपासून रुळलेली होती, आणि नियमांचा पहिला मोठा फटका जेएनयूलाच बसला. वयोमर्यादा, एकाच संधीची अट आणि प्रशासनाच्या हाती गेलेला तक्रार कक्ष या गोष्टी संघाच्या घटनेत बसत नव्हत्या. ऑक्टोबर २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक थांबवली. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ निवडलेला संघच नव्हता. संशोधकांच्या वयाची मर्यादा वाढवण्यासारख्या काही सवलती न्यायालयाने दिल्या आणि मार्च २०१२ मध्ये पुन्हा मतदान झाले. दिल्ली विद्यापीठात मात्र जिथे नियमांची खरी गरज होती तिथे ते गुंडाळून ठेवले गेले. सप्टेंबर २०२४ मधील तिथल्या निवडणुकीत शहरभर भिंती रंगल्या, पोस्टरांचा खच पडला. दिल्ली उच्च न्यायालयाने भिंती स्वच्छ होईपर्यंत मोजणी करू नका असे सांगितले आणि निकाल लागायला नोव्हेंबर उजाडला.

महाराष्ट्रातली उलटी रचना

महाराष्ट्रात विद्यार्थी परिषद कायद्यातच लिहिलेली आहे. एके काळी इथेही खुल्या निवडणुका होत. 'सीआर' (वर्ग प्रतिनिधी), 'एलआर' (विद्यार्थिनी प्रतिनिधी), 'जीएस' (सरचिटणीस) आणि 'यूआर' (विद्यापीठ प्रतिनिधी) ही पदांची लघुरूपे महाविद्यालयांच्या तोंडी होती. पुण्याच्या बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयात शरद पवारांच्या राजकारणाची सुरुवात याच वाटेने झाली. १९८९ मध्ये मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. त्यानंतर खुल्या निवडणुकांविरुद्धचे मत बळावले आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने त्या थांबवल्या. वर्गात आधीच्या परीक्षेत चांगले गुण मिळवणारा विद्यार्थी वर्ग प्रतिनिधी झाला. खेळ, राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी आणि सांस्कृतिक कार्य यांचे प्रतिनिधी व दोन विद्यार्थिनी प्राचार्य नेमू लागले. सचिवाची निवड तेवढी या नेमलेल्या मंडळींनी आपसात करायची. हाणामारी थांबली आणि परिषदेचे काम स्नेहसंमेलनापुरते उरले. पहिल्या नंबराच्या मुलाला वर्गाच्या वतीने भांडायला पाठवणे हा उपाय कोणाच्याच सोयीचा नव्हता, त्या मुलाच्या तर नाहीच.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याच्या ९९ व्या कलमाने खुल्या निवडणुका परत आणल्या. महाविद्यालयातल्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांनी अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि मागासवर्गीयांचा एक प्रतिनिधी थेट निवडायचा. मागासवर्गीयांपैकी कोणता प्रवर्ग, हे चिठ्ठ्या टाकून आळीपाळीने ठरते. प्रत्येक वर्गाचा एक प्रतिनिधी वेगळा. महाविद्यालयांतून निवडून आलेल्यांनी विद्यापीठाची परिषद निवडायची. तिचे अध्यक्ष आणि सचिव अधिसभेचे सदस्य होतात. म्हणजे अर्थसंकल्पावर चर्चा करणाऱ्या सभागृहात विद्यार्थ्याला हक्काची खुर्ची मिळते. जेएनयूच्या संघाला जे मागून, भांडून मिळवावे लागते ते इथे कायद्याने दिलेले आहे. नियमही लिंगडोह समितीच्याच धर्तीवर २०१८ मध्ये आले.

२०१९ मध्ये निवडणुकीचे वेळापत्रक जाहीर झाले. राज्यात विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, म्हणून सरकारने महाविद्यालयांतले मतदान पुढे ढकलले. पुढच्या वर्षी कोविडमुळे महाविद्यालयेच बंद झाली. जेएनयूत निवडणूक लांबली की विद्यार्थी स्वतः आमसभा बोलावून आयोग नेमण्याची मागणी करतात. महाराष्ट्रात तारीख सरकार जाहीर करते आणि सरकारच मागे घेते. ९९ व्या कलमातली खरी उणीव हीच आहे.